दगडाचा मंडप, पानांचा मंडप

वाचकहो, वेरूळच्या सोळाव्या लेण्यात आपण कधी गेला असाल, तर पहिल्या काही क्षणांत काय घडले ते आठवून पाहा. बाहेरून फारसे काही दिसत नाही. डोंगराच्या अंगाला लागून एक उंच पाषाणभिंत आणि तिच्यात एक दार, एवढेच. दारातून आत गेले की समोर गजलक्ष्मीचे शिल्प वाट अडवून बसलेले असते. त्याला वळसा घालून आपण पुढे होतो आणि एकाएकी आकाश उघडते. त्या आकाशाखाली एक संपूर्ण मंदिर उभे असते, शिखरासह, हत्तींसह, ध्वजस्तंभांसह. मोठ्याने बोलत आलेली शाळेची मुलेही त्या ठिकाणी क्षणभर गप्प होतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

या कैलास लेण्याचे अंगण सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद आहे, आणि मागच्या बाजूचा उभा कडा शंभर फुटांहून अधिक खोल उतरला आहे. हे मंदिर बांधलेले नाही, डोंगर वरून खाली कोरीत जाऊन ते त्यातून मोकळे केलेले आहे. पायापासून कळसाकडे जाणारा आपला नेहमीचा क्रम येथे उलटा झाला; कळस आधी आणि पाया शेवटी. चुकून एखादा भाग अधिक उडाला असता तर तो परत जोडण्याची सोय नव्हती. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात, हे काम झाले असे मानतात. पुढे इ. स. ८१२-१३ च्या सुमारास दिलेला आणि वडोदऱ्यास सापडलेला राष्ट्रकूटांचा एक ताम्रपट आहे. त्यात कृष्णराजाच्या या मंदिराचे वर्णन येते. विमानांतून जाणारे देव ते पाहून चकित झाले, हे त्यातील म्हणणे राजाच्या पदरी असलेल्या कवीला शोभण्यासारखेच. परंतु पुढे तो सांगतो, की ज्याने हे घडविले तो शिल्पीसुद्धा काम संपल्यावर थक्क झाला आणि हे माझ्या हातून झाले तरी कसे, असे स्वतःलाच विचारू लागला. त्या शिल्प्याचे नाव ताम्रपटात नाही. मला त्या साऱ्या स्तुतीत त्याचा हा एक प्रश्न तेवढा खरा वाटतो.

मनुष्याला असे थक्क करणारी दुसरी जागा म्हणजे अरण्य. मोठी वास्तू आणि मोठे रान यांची तुलना करण्याचा मोह पुष्कळांना झालेला आहे. खांबांना वृक्षांची आणि वृक्षांना खांबांची उपमा देऊन कवी बहुधा तेथेच थांबतात. आज आपल्याशी जे बोलावयाचे आहे ते थोडे निराळे आहे. थक्क होणे ही एक गोष्ट आणि आपले वाटणे ही दुसरी. ज्या जागेपुढे आपण लहान होतो तीच जागा आपली वाटू शकते काय, आणि वाटते ती कशामुळे, हा प्रश्न मला काही वर्षांपूर्वी माझ्या आजोळी अगदी व्यवहाराच्या रूपाने भेटला. त्याकडे मी येईनच. पण आधी दोन आठवणी सांगते.

पहिली आठवण विजापूरच्या गोल घुमटाची. मी आठ-नऊ वर्षांची असताना वडील आम्हा भावंडांना तेथे घेऊन गेले. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ साली वारला. घुमटाचा आतील व्यास सुमारे १२४ फूट, आणि एवढ्या मोठ्या जागेत मध्ये एकही खांब नाही. कमानी एकमेकींना छेदीत वर जातात आणि चौकोनाचा हळूहळू अष्टकोन करून घुमटाचे ओझे भिंतींवर उतरवितात, हे पुष्कळ पुढे कळले. त्या दिवशी एवढेच कळले, की वरच्या सज्जात उभे राहून मी हळूच भावाचे नाव घेतले ते पलीकडे उभ्या असलेल्या त्याला ऐकू गेले, आणि नंतर तेच नाव पुन्हापुन्हा परत येत राहिले. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. आपलाच आवाज आपल्याला परका होऊन परत मिळतो, ही ती भीती असावी.

दुसरी आठवण कोकणातील. माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. गावाच्या वरच्या अंगाला चार एकरांची राई आहे आणि तिच्यात वाघजाईचे ठाणे. ठाणे म्हणजे काय, तर शेंदूर लावलेला एक तांदळा, त्याच्यापुढे दोन-चार झिजलेल्या शिळा, आणि वर काही नाही. छप्पर म्हणून बेहडा, सातवीण, जांभूळ यांच्या फांद्या. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेली गारंबीची वेल मनुष्याच्या मांडीएवढी जाड होती आणि तिच्या हातभर लांब शेंगा आम्हा मुलांना तलवारी वाटत. पण त्या उचलायच्या नाहीत. राईच्या कडेला वहाणा काढायच्या, मोठ्याने बोलायचे नाही, आणि आतले काही बाहेर आणायचे नाही. आजीच्या घरी सरपणाची सदा ओढ. मैल मैल चालून बायका मोळ्या आणीत. घराच्या माथ्यावर वाळल्या लाकडांचा सडा पडलेला असे, पण त्याला कोणी हात लावीत नसे. एकदा घरी परतल्यावर माझ्या परकराच्या काठात अडकलेली एक काटकी आजीला दिसली. तिन्हीसांज झाली होती. तिने कंदील घेतला, माझा हात धरला आणि ती बोटभर काटकी मला परत राईत ठेवायला लावली. ओरडली नाही, रागावलीही नाही. "तिची आहे ती," एवढेच म्हणाली.

आता या दोन जागांत फरक कोणता तो पाहू. मोठी वास्तू आपल्याला थक्क करते ती ठरवून. वेरूळला भिंत आधी सारे लपविते आणि मग एकदम दाखविते. दक्षिणेकडील देवळांत गोपुरापासून गाभाऱ्यापर्यंत उजेड टप्प्याटप्प्याने कमी होत जातो, छत खाली येते, वाट अरुंद होते, आणि शेवटी समईच्या उजेडात मूर्ती दिसते. आपण कोठे थांबावे, कोणीकडे पाहावे, केव्हा मान वर करावी, हे कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेले असते आणि आपण ते निमूट पाळतो. रानात असे कोणी ठरविलेले नसते. तेथे मध्य नाही, समोर नाही, मागे नाही. आवाज घुमत नाही. पालापाचोळा तो पिऊन टाकतो. आणि सर्वांत मोठा भेद असा, की वास्तू ज्या दिवशी पुरी होते त्या दिवसापासून ती झिजू लागते, तर रान कधी पुरे होतच नाही.

कोलकात्याजवळ हावड्यातील शिबपूर येथे वनस्पतिउद्यानातला प्रसिद्ध वटवृक्ष आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. अडीचशे वर्षांहून अधिक वयाचे हे झाड. १८६४ व १८६७ सालच्या वादळांत ते जायबंदी झाले, मग मूळ खोडाला बुरशीने गाठले, आणि १९२५ साली ते खोड कापून काढावे लागले. मदुराईच्या सहस्रस्तंभी मंडपात प्रत्यक्षात ९८५ खांब आहेत. या वडाच्या जमिनीत रुजलेल्या पारंब्या तीन हजारांच्या वर आहेत आणि मधला मूळ खांबच नाही. दगडी मंडपाचा मुख्य आधार काढला तर काय होईल ते सांगायला नको. हे झाड मात्र नव्या पारंब्या सोडीत अजून पसरते आहे. अनोळखी माणसाला ते एक झाड न वाटता लहानसे वनच वाटते.

असे असले तरी वास्तू आणि अरण्य यांना एकमेकांचे वैरी समजण्याचे कारण नाही. दगडाने रानाला विसरू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी केवढी खटपट केली आहे! बिहारमधील बराबर टेकड्यांत लोमश ऋषी नावाची गुहा आहे, मौर्यकाळातील, म्हणजे तेवीसशे वर्षांच्या आसपासची. तिच्या दाराची कमान म्हणजे वाकविलेल्या लाकडांच्या झोपडीची हुबेहूब पाषाणप्रतिमा आहे. मावळातील भाजे लेण्यात गेलात तर तेथील चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला कललेले दिसतील. लाकडी खांब छपराचा रेटा सोसण्यासाठी तसे तिरपे रोवावे लागत. दगडाला त्याची काही गरज नव्हती, पण कोरणाऱ्याचा हात लाकडाला सरावलेला होता.

आणि कार्ले! एकवीरेच्या दर्शनाला जाणारी मंडळी पुष्कळदा तेथूनच परत फिरतात; माझी विनंती अशी, की शेजारच्या चैत्यगृहात पाच मिनिटे तरी जाऊन बसावे. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच असे ते दालन, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, आणि वर कमानदार छताला लागून लाकडाच्या बाकदार फासळ्या. या फासळ्या मूळच्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. छत अखंड डोंगराचे आहे, त्याला लाकडाच्या आधाराची यत्किंचितही आवश्यकता नाही. तरीही कोणाला तरी वाटले, की लाकडाशिवाय घर हे घर नव्हे. तेथील प्राकृत लेखांत या कामासाठी द्रव्य देणाऱ्यांची नावे आहेत. एका लेखात धेनुकाकट येथील एका गंध्याचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव आहे, आणि दुसऱ्या लेखात हे दर्शनी मुख घडविणाऱ्याचे. तो कारागीर स्वतःला पाथरवट म्हणवीत नाही. तो 'वढकी' आहे, वेणुवासाचा मुलगा सामी. विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात, तोच हा शब्द. डोंगराच्या पोटातील एवढे मोठे दालन, आणि त्याच्या दारावर एका सुताराचे नाव.

परदेशातही हा धागा सापडतो. पॅरिसच्या नोत्र-दाम या प्राचीन चर्चच्या दगडी कमानींच्या वर ओक वृक्षांच्या तुळयांचा जो सांगाडा होता त्याला तेथील लोक 'वन' असेच म्हणत. इतकी झाडे त्यात गेली होती. १५ एप्रिल २०१९ रोजी ते 'वन' जळाले. पुन्हा उभारणी करताना पोलाद वा काँक्रीट वापरता आले असते. पण जुन्या पद्धतीनेच लाकूडकाम करण्याचे ठरले. त्यासाठी फ्रान्सच्या वनांतून सुमारे दोन हजार ओक निवडून तोडले गेले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले.

दोन हजार ओक ही संख्या वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात जे आले असेल तेच माझ्याही मनात आले. मोठ्या वास्तूंची स्तुती करताना हा हिशेब आपण सहसा मांडीत नाही. लाकूड प्रत्यक्ष लागते तेवढेच नव्हे, चुना लागतो. चुनखडी भट्टीत घालून सुमारे नऊशे अंश उष्णतेवर तासन्‌तास भाजावी तेव्हा तिचा चुना होतो, आणि जुन्या काळी ही उष्णता येई ती सरपणातून. चुन्यात बांधलेल्या प्रत्येक महालामागे न दिसणारे एक रान जळालेले आहे.

हा हिशेब एकदा फार भयंकर रीतीने मांडला गेला. ती हकिगत जोधपूरजवळील खेजडली गावची, १७३० सालची. आपण 'जंगल' म्हणतो तो शब्द मुळात संस्कृतातील 'जांगल' या शब्दावरून आला, आणि जांगल म्हणजे दाट झाडी नव्हे. कोरडा, विरळ झाडांचा माळमुलूख. मारवाड हा खरा जांगल देश. तेथे खेजडी म्हणजे जीवनच होय. हे झाड आपल्याला अनोळखी नाही. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी हीच. तिचा पाला उंट-शेळ्यांना, तिच्या शेंगा माणसांना, तिची सावली सर्वांना, आणि तिच्या बुंध्याभोवतीचे पीक इतर ठिकाणापेक्षा चांगले. पंधराव्या शतकात गुरु जांभोजींनी घालून दिलेल्या एकोणतीस नियमांवरून ज्यांना बिश्नोई हे नाव मिळाले, त्या समाजाला हिरवे झाड तोडणे निषिद्ध आहे.

जोधपूरचे महाराज अभयसिंह यांना नवा महाल बांधावयाचा होता. चुन्याच्या भट्ट्यांना सरपण हवे होते, आणि राजाची माणसे कुऱ्हाडी घेऊन खेजडलीस आली. अमृतादेवी नावाच्या स्त्रीने झाडाला मिठी घातली. पैसे देऊन झाड सोडवून घे, असे तिला सांगण्यात आले, असे म्हणतात. तिने ते नाकारले, आणि मस्तक देऊन झाड वाचत असेल तर तो सौदा स्वस्तच आहे, अशा अर्थाचे शब्द उच्चारून ती मृत्यूला सामोरी गेली. तिच्यामागून तिच्या तीन मुली गेल्या. बातमी पसरली तसे आसपासच्या गावांतून लोक येत राहिले आणि एकेक झाड धरून उभे राहिले. परंपरेनुसार त्या दिवशी ३६३ माणसे मारली गेली. अखेर राजाने तोड थांबविली आणि बिश्नोई गावांतील झाडांना अभय दिले. २०१३ पासून ११ सप्टेंबर हा दिवस वनहुतात्म्यांच्या स्मरणासाठी पाळला जातो.

एवढ्या लोकांनी झाडांसाठी प्राण दिले ते झाडांच्या भव्यतेने दिपून नव्हे. खेजडी काही भव्य वृक्ष नव्हे. ती काटेरी, धुळकट, बेताच्या उंचीची असते. ती त्यांची होती. आपलेपणाचा प्रश्न येथे येतो, आणि तो वास्तूच्या बाबतीतही खराच आहे. कार्ल्याचा तो गंधी जेव्हा चैत्यगृहात येत असेल तेव्हा तो पाहुणा म्हणून येत नसेल. त्याने आपल्या पैशाचे दार तेथे लावले होते. तमिळनाडूत राहणाऱ्या वाचकांना तंजावरचे बृहदीश्वर मंदिर ठाऊक आहेच. राजराज चोळाने १०१० साली ते पुरे केले. त्याचे विमान दोनशे फुटांहून उंच आहे. त्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास कोरविला, तो मराठीत! दूर दक्षिणेत, चोळांच्या दगडावर आपली भाषा दिसल्यावर तेथे गेलेल्या मराठी माणसाचे पाऊल जरा निराळे पडते. राजाने कोरवून घेणे आणि गंध्याने दार देणे यांत भेद आहे हे खरे, आणि माझे मन गंध्याकडे अधिक झुकते; पण दोन्ही ठिकाणी कोणीतरी काहीतरी ठेवून गेला म्हणून जागा आपली झाली.

रानाचे मात्र उलट आहे. तेथे काही न नेल्याने जागा आपली होते. मेघालयात शिलाँगपासून थोड्या अंतरावर मॉफ्लांग येथे खासी लोकांचे देववन आहे. आत शिरण्यापूर्वी तेथील वाटाड्या सांगतो, की येथून एक पानही बाहेर न्यावयाचे नाही. ते ऐकताना मला कंदील घेतलेली आजी दिसली. आमच्या गावापासून इतक्या दूर, निराळी भाषा बोलणाऱ्या, निराळ्या देवतेला मानणाऱ्या लोकांचा अगदी तोच नियम! केरळात अशा राईला काव म्हणतात, कोडगूत देवरकाडू, राजस्थानात ओरण, झारखंडात सरना. आपल्या सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी केला व १९७६ साली प्रसिद्ध केला. तोवर शहरातील सुशिक्षितांना या राया म्हणजे खेड्यातील भोळ्या समजुती वाटत. राजस्थानातील ओरणांची जमिनीवर व उपग्रहाच्या साह्याने मोजणी करून त्यांची वन म्हणून नोंद करावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी दिला.

अर्थात रान सर्वांना सारखेच आपले वाटते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. आपण दोन दिवस निवांतपणासाठी रानात जातो तेव्हा ते रान आपल्याला सुंदर दिसते. पण तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना दीर्घकाळ त्याच रानात चोरासारखे वावरावे लागले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या गोंडांच्या गावाला, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली, २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. जे रान त्यांचेच होते ते त्यांचे आहे असे कागदावर यायला इतकी वर्षे लागली.

आता माझ्या आजोळची गोष्ट. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात चाकरमानी मंडळी गावी आली असताना गावकीची सभा भरली. मुंबईस असलेल्या मंडळाने वाघजाईचे देऊळ बांधण्याचे ठरविले होते. नकाशा तयार होता: स्लॅबचा सभामंडप, संगमरवरी फरशी, वर शिखर. वर्गणीतून निम्मी रक्कम उभी राहत होती. उरलेल्या रकमेसाठी राईतील अकरा झाडे देण्याचे सुचविले गेले. देवळाच्या जागेसाठी त्यांतली काही तोडावी लागणारच होती. ठेकेदार येऊन पाहून गेला होता, परवान्याचे मी बघतो म्हणाला होता, आणि निवडलेल्या झाडांवर चुन्याने एक ते अकरा असे आकडेही घालून गेला होता.

ते ऐकून मला संताप आला, हे मी लपवीत नाही. परंतु सभेत एक तरुण उभा राहिला आणि जे बोलला त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. "गेल्या श्रावणात आई ओटी भरायला आली ती त्या शिळांवरून घसरली. सहा आठवडे अंथरुणाला खिळली होती. आम्ही मुंबईत पंख्याखाली झोपायचं, आणि आमच्या देवीनं पावसात का बसावं?" त्याचा आवाज कापत होता. तो झाडांचा शत्रू नव्हता. त्याला देवीसाठी काहीतरी करावयाचे होते, आणि करणे म्हणजे बांधणे, हेच त्याला ठाऊक होते. कृष्णराजाला तरी दुसरे काय ठाऊक होते?

माझे मामा सत्तरी ओलांडलेले. ते बराच वेळ गप्प बसले होते. मग म्हणाले, "बाबा, तुझं खरं आहे. पण खालच्या विहिरीला पाणी कुठनं येतं?"

हा प्रश्न सर्वांना कळला. कोकणात चार महिन्यांत शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो आणि वैशाखात पाण्याचे टँकर फिरतात. जांभ्याच्या उघड्या सड्यावर पडलेले पाणी थांबत नाही, दुसऱ्या दिवशी ते खाडीला मिळते. राईत मात्र पावसाचा थेंब पानावरून पानावर, मग पाचोळ्याच्या वीतभर थरावर पडतो. तो थर स्पंजासारखा पाणी धरतो, मुळांच्या वाटांनी ते खाली मुरते, आणि महिन्यांनंतर राईच्या पायथ्याच्या पऱ्याला झऱ्याच्या रूपाने येते. आसपासच्या वाड्यांच्या विहिरी होळीनंतर तळ गाठतात. आमची मे अखेरपर्यंत चालते. म्हाताऱ्या बायका हे 'देवीचे पाणी' म्हणून सांगत आल्या होत्या. अकरा झाडांनी ती विहीर आटलीच असती असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकले नसते. पण एकदा बाराव्याला कुऱ्हाड लावायची वाट मोकळी झाली की मग मोजणार कोण?

सभा दोन दिवस चालली. शेवटी, कोकणाच्या रीतीप्रमाणे, देवीला कौल लावण्याचे ठरले. गुरवाने तांदळ्याला पाकळ्या चिकटविल्या, गाऱ्हाणे घातले, आणि आम्ही सारे वहाणा काढून राईत उभे राहिलो. उजवी पडली तर देऊळ, डावी पडली तर नाही. दिवस मावळला तरी एकही पाकळी पडली नाही. उतरताना मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अगं, कोर्टासारखंच झालं. पुढची तारीख दिली बाईनं."

त्यानंतर जे झाले ते असे. मुंबईच्या मंडळाने वर्गणीच्या पैशांतून राईच्या बाहेर, वाटेच्या कडेला, जांभ्याच्या चिऱ्यांची एक कौलारू पडवी बांधली. पावसात आलेल्या बायका तेथे बसून ओटीचे ताट लावतात. पडवीपासून ठाण्यापर्यंत पायऱ्या केल्या आणि एका बाजूला धरावयास लोखंडी कठडा बसविला. त्या कामावर तो तरुण आठ दिवस रजा काढून स्वतः उभा होता. त्याची आई आता कठडा धरून चढते. देवळाचा विषय संपलेला नाही. गावकीच्या वहीत तो 'पुढील सभेपर्यंत तहकूब' असा लिहिलेला आहे, आणि दर मे महिन्यात कोणीतरी तो काढतोच.

यंदा मी गेले तेव्हा मामा बरोबर नव्हते. गुडघ्यांमुळे त्यांना चढवत नाही. मी एकटीच फिरून चुन्याचे आकडे शोधले. चार पावसाळ्यांत बहुतेक पुसले गेले आहेत. पाच, सहा, नऊ यांच्या जागी शेवाळ आले आहे, आणि अकरा क्रमांकाचे झाड कोणते तेही मला ओळखता आले नाही. गारंबीच्या वेलीखालच्या बेहड्याला फांद्यांचा आडोसा असल्यामुळे पाऊस नीट लागत नसावा. त्याच्यावरचा सातचा आकडा अजून स्पष्ट वाचता येतो.